ईमला मी पुन्हा पुन्हा का जाते

"पुण्याच्या ना तुम्ही? मग १८९७चा आपला प्लेग सोडून इंग्रजांच्या प्लेगचा एवढा पुळका का?" शेफिल्डला आल्यापासून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं लिहूनच टाकते. रँडच्या सोजिरांनी घराघरांत शिरून काय केलं, ते मला ठाऊक आहे. ते विसरून मी ईमला जात नाही.

डार्बीशरमधलं हे लहानसं गाव. १६६५च्या सप्टेंबरात लंडनहून आलेल्या कापडातल्या पिसवांनी प्लेग आणला, पहिला गेला शिंप्याचा माणूस. पुढच्या जूनमध्ये रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे पाद्री, विल्यम माँपेसन यांनी, पदावरून काढलेल्या थॉमस स्टॅन्लींना सोबत घेऊन, गावकऱ्यांना वेशीबाहेर न जाण्यासाठी राजी केलं. वेशीवरच्या दगडाच्या भोकांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, बाहेरच्यांनी धान्य ठेवून जायचं. सुमारे २६० माणसं गेली. आसपासची गावं वाचली.

पुण्याहून मावशी आली तेव्हा हे सगळं मी अभिमानाने सांगत होते. 'त्याग' हा शब्द चारदा तरी वापरला असेल. रायलीच्या शेतात आलो. गोल दगडी कुंपणात नवऱ्याची कबर आणि पोरांचे सहा दगड. एलिझाबेथ हॅनकॉकने १६६६च्या ऑगस्टात आठ दिवसांत सातही जणांना एकटीने ओढत आणून पुरलं, असं सांगतात. मावशीने बोटाने एकेक दगड मोजला.

"प्लेग आला की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे आमच्या आजीलाही कळत होतं. हिला कुणी अडवलं?"

"कुणी नाही गं. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"पाद्र्याला लेकरं नव्हती?"

होती. दोन. त्यांना त्याने आधीच बाहेर पाठवलं होतं. ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

मावशी पुढे काही बोलली नाही. मीच वाद घालत बसले: त्याची बायको कॅथरीन मागे राहिली, त्याच ऑगस्टात गेली, त्याने काय कमी सोसलं? हे आजही मला पटतं. पण पोरं पाठवता येत होती, म्हणजे रस्ता होता. तो एलिझाबेथला कुणी दाखवला का? मेलेल्यांची नावं नोंदवहीत आहेत, होकार देणाऱ्यांची नाहीत.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईममध्ये त्यांच्या नावाने प्रार्थना होते. मी आधी रायलीच्या शेतात जाते आणि मावशीसारखे दगड मोजते.