मध्यरात्रीची शुभ सकाळ

सांगलीत विश्रामबागेत माझं छोटं ऑफिस आहे. वकिलांना लागणारा डिजिटल पुरावा काढून द्यायचा, हे काम. मी उडालेले फोटो परत आणून देतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे माझे निम्मे दिवस प्रमाणपत्रं भरण्यात जातात.

प्रकरण मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं. त्यांना सगळे आण्णाच म्हणतात. परराज्यातल्या खरेदीदाराला राजापुरी हळदीचा ट्रक पाठवला, मधल्या काळात भाव पडला, पैसे अडकले. खरेदीदाराचं म्हणणं, ट्रक भरायच्या आधीच, सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी, मी व्हॉट्सअ‍ॅपवर सौदा रद्द केला होता. आण्णांचं म्हणणं, असा मेसेज आलाच नाही. तसं प्रतिज्ञापत्रही देऊन झालं होतं. भरलेल्या ट्रकची वजनकाट्याची पावती १०.२० ची. म्हणजे ६.१० खरं ठरलं तर आण्णा गेलेच.

समोरच्यांनी आपल्या फोनचा तज्ज्ञ अहवाल दाखल केला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र, भाग अ फोनवाल्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, खाली शा-२५६ चा चौसष्ट अक्षरी हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच; फाइलमध्ये काही बदललं की तोही बदलतो. मी दोन दिवस त्या हॅशच्याच मागे. आमच्या धंद्यातली ही खोडच आहे. कागद पक्का आहे का हे बघताना कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं राहून जातं.

तारखेच्या दिवशी सकाळी आण्णा वकीलबाईंबरोबर ऑफिसला आले. मी अहवालाची पानं त्यांच्यापुढे सरकवली. ते रोज त्या खरेदीदाराला सांगलीच्या गणपतीचा फोटो टाकून 'शुभ सकाळ' पाठवायचे. त्या ओळीवर बोट ठेवून ते एकदम उखडले.

"हे काय ओ? १२.४१? मी रात्री पाऊण वाजता शुभ सकाळ घालतो काय? मी साडेनऊला झोपतो!"

मी पान माझ्याकडे ओढलं. आदल्या दिवशीची 'शुभ सकाळ' १२.३८ ची. त्याच्या आदल्या दिवशीची १२.४४. समोरच्याचं 'खाना हो गया' सकाळी ८ वाजता. आण्णांच्या फोनवर तीच 'शुभ सकाळ' होती ६.११ ची. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. अँड्रॉइड फोनच्या आत व्हॉट्सअ‍ॅपची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत साठते, ग्रीनिचच्या हिशेबाने. सॉफ्टवेअरमध्ये आपला टाइम झोन निवडला नाही तर तशीच छापली जाते. मूळ अहवालात वेळेशेजारी 'यूटीसी', म्हणजे ग्रीनिचची वेळ, असं लिहिलेलं असतं. एक्सेलमध्ये रकाना नीटनेटका करताना ते गळालं असणार. म्हणजे 'सौदा कॅन्सल' ६.१० ला नव्हे, ११.४० ला. ट्रक निघून एक तास वीस मिनिटं झाल्यावर.

वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर यावरून. व्हिडिओ चित्रीकरणाच्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, असा निकाल २०२० मध्ये त्यातूनच आला. बाई तो नेहमी सांगतात, तेव्हाही सांगायला लागल्या.

मी मात्र शेजारचा रकाना बघत होतो. 'वाचला': ६.१३. म्हणजे आपल्याकडे ११.४३.

"आण्णा, हा मेसेज तुम्ही वाचलाय."

ते गप्प. चहाचा कप बशीत फिरवत राहिले.

"मीच उडवला," शेवटी म्हणाले. "ट्रक तर गेलेला. काय करायचं ओ? पोरगं म्हणालं, नसलाच तर कोण विचारतंय."

बाईंनी डोक्याला हात लावला. मेसेज जागेवर असता तर हीच साडेपाच तासांची चूक आम्ही पहिल्याच दिवशी दाखवून मोकळे झालो असतो. आता आधी स्वतःचं प्रतिज्ञापत्र दुरुस्त करायचं, मग दुसऱ्याच्या अहवालावर बोट ठेवायचं. "हे लिहायलाच पाहिजे का?" आण्णांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी हो म्हटलं. भाग ब वर सही माझी जाणार होती.

विजयनगरच्या कोर्टात त्या दिवशी फक्त पुढची तारीख मिळाली. समोरच्या वकिलांनी 'शुभ सकाळ'ची पानं दोनदा उलटली आणि तज्ज्ञाला विचारून सांगतो म्हणाले.

परत आल्यावर आण्णांनी खिशातून फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला. आतापर्यंत त्यांनी फक्त स्क्रीनशॉट दिले होते, फोन सोडायला तयार नव्हते. बाकीचे सौदेही त्यातच की. मी फोन फ्लाइट मोडवर टाकला, पावती फाडली आणि ताब्यात घेतल्याची वेळ लिहिली: दुपारी २.३५. पुढे, आजवर कधी लिहिलं नव्हतं ते, 'भारतीय प्रमाणवेळ'.