ओमानमध्ये थंडीतलं कॅम्पिंग: आधी समुद्र, मग वाळवंट, शेवटी डोंगर

तंबू घेऊन ओमान फिरायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. वस्ती, शेती आणि खासगी जागा सोडून मोकळ्यावर तंबू ठोकला तर तिथे सहसा कोणी हरकत घेत नाही (मस्कतच्या हद्दीत मात्र आधी नियम पाहा). पण देश एक असला तरी थंडी एक नाही. मस्कतला रात्री पातळ चादर पुरते आणि तिथून काही तासांवरच्या जेबेल शम्स या डोंगरावर कानटोपी घालूनही दात वाजतात. मस्कतला नोकरीला असलेला आत्तेभाऊ, वहिनी आणि आम्ही दोघं असे निघालो तेव्हा मुक्कामांचा क्रम अंतरावरून न ठरवता दवावरून ठरवला. जाणाऱ्यांना माझा पहिला सल्लाही तोच.

सुरुवात कुरय्यात ते सूर या किनाऱ्यावर, फिन्सजवळ. इथे थंडी नावालाच. गोटे आणि भुसभुशीत वाळू यांत खुंट्या धरत नाहीत, म्हणून रिकाम्या कापडी पिशव्या न्या; वाळू भरून दोर त्यांना बांधायचे. जवळच्या वादी शाबचं हिरवं पाणी बघून पाय निघत नाही. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी, बहुतेक वेळ कोरडी असणारी नदी. तिच्या पात्रात जागा सपाट आणि सावलीची मिळते, तरीही तिथे मुक्काम नको म्हणजे नकोच. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना वर डोंगरात पडलेला पाऊस लोंढा होऊन येतो, आणि हिवाळ्यात असा पाऊस होतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, तो तिथे गुन्हा आहे.

पुढे शर्किया सँड्स, म्हणजे जुनं वहिबा. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बिदिय्या गावात टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे चाकं वाळूत रुतत नाहीत; परतल्यावर तिथेच भरून घ्या. वाळवंट म्हणजे कोरडं, हे इथे विसरायचं. अरबी समुद्र जवळ असल्याने हवेत दमटपणा असतो आणि रात्री उघडी वाळू झपाट्याने थंड होते. पहाटे आमच्या तंबूच्या वरच्या कापडावरून पाणी ओघळत होतं, खालच्या कडेला वाळूचा चिखल थापलेला, चेनमध्ये कण अडकून ती दर वितीला अडत होती. स्लीपिंग बॅगा पायाकडून दमट. अशाच गुंडाळून वर डोंगरात नेल्या तर रात्र बेकार जाते, कारण ओली बॅग ऊब धरत नाही. वाळूत रात्रीचा पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, ते सोसवतं. ओल घेऊन त्याहून थंड जागी जाणं सोसवत नाही.

म्हणून मध्ये एक रात्र डोंगराखालच्या निझवा शहरात, छपराखाली. आम्ही उतरलो त्या लॉजच्या गच्चीवर दोऱ्या बांधून सगळं वाळवलं. चार तासांचं ऊन पुरलं. ही रात्र गुरुवारची ठेवा, म्हणजे शुक्रवारी सकाळी किल्ल्याशेजारचा बकऱ्यांचा बाजारही बघून होतो.

जेबेल शम्सचा शिखरमाथा तीन हजार मीटरच्या आसपास, तंबूंचं पठार साधारण दोन हजारांवर. हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर किनाऱ्यापेक्षा तेरा अंश कमी, त्यात वारा. पहाटे पारा शून्याला टेकू शकतो. शेगडीचा साधा ब्यूटेन गॅस शून्याजवळ वाफ धरत नाही, ज्योत मलूल होते. प्रोपेन मिसळलेला डबा घ्या, आणि रात्री तो थंडीत उघड्यावर ठेवू नका. वहिनींनी खिचडीला लागणारं सगळं घरूनच मोजून एका पिशवीत भरलं होतं. गार हातांनी तिथे डबे उघडत बसावं लागलं नाही, एवढ्यासाठी मी त्यांना मनापासून मानतो. जळाऊ लाकूड खालूनच विकत न्या. वरची जुनिपरची झाडं फार हळू वाढतात, त्यांच्या वाळक्या फांदीलाही हात लावू नये. खाणं गाडीत बंद ठेवा, बकऱ्या तंबूत तोंड घालतात. तंबू दरीच्या कडेपासून लांब, दगडी आडोशाला लावा. खाली सुमारे हजार मीटरचा कडा आहे आणि रात्री लघवीला उठणाऱ्याला तो दिसत नाही.

पायथ्याच्या अल हमरा गावात पेट्रोल पूर्ण भरून, फोर बाय फोर घेऊनच चढा. सूर्य साडेपाच ते सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चारला वर पोचलेलं बरं. ओमानमधली आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवार निझवा आणि शेजारचं बाहला बघण्यात घालवून, ती रात्रही खालीच काढून शनिवारी दुपारी चढलात तर लोक उतरत असतात आणि आडोशाच्या जागा रिकाम्या मिळतात.

दक्षिणेकडचं सलालाह या फेरीत कोंबू नका. मस्कतपासून ते हजार किलोमीटरवर आहे, आणि त्याची हिरवाई जून ते सप्टेंबरच्या मोसमी वाऱ्यांची. हिवाळ्यात तिथे छान किनारा मिळतो, पण तो स्वतंत्र प्रवास आहे.