मुलांना चित्र काढायला सांगू नका, सरळ जागेवर न्या

बाग कशी हवी हे मुलांना विचारायचं असेल तर प्लीज चित्रकला स्पर्धा घेऊ नका, हे मी हल्ली जो भेटेल त्याला सांगत सुटलेय. पुण्यात आमच्या भागात बागेसाठी रिझर्व असलेला एक प्लॉट आहे, वर्षानुवर्षं तिथे नुसता राडारोडा पडायचा. शेवटी बागेचं काम मार्गी लागलं, तेव्हा जवळच्या शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांनाही विचारा असं आम्ही काही पालकांनी लावून धरलं. तर आधी त्यांना कागद दिले गेले. आलं काय? दोन डोंगर, मधून सूर्य, झोका, घसरगुंडी आणि खाली "झाडे लावा झाडे जगवा". पोरं हुशार असतात हो, बाईंना काय आवडतं ते त्यांना बरोब्बर माहीत असतं!

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांना प्लॉटवरच नेलं, फक्की दिली आणि म्हटलं आखा तुम्हाला काय कुठे हवंय ते. लगोरीवाल्यांनी अर्धा प्लॉट तिथल्या तिथे खाऊन टाकला. एक जण म्हणाला, "काकू, पेव्हर ब्लॉक नका ना टाकू, गुडघे फुटतात आणि गोट्यांना खड्डा कुठे करायचा?" दुसऱ्याचं म्हणणं, बागा दुपारी बंद का असतात, मे महिन्यात आम्ही दुपारीच तर मोकळे असतो. याला काय उत्तर देणार, वॉचमनची ड्युटी? पाण्याचा नळ मात्र त्यांनी इतका खाली दाखवला की मला वाटलं मस्करी करतायत, तर म्हणे बरोबर छोटी भावंडं असतात, दर वेळी उचलून कोण पाजणार. यावरून आठवलं, पुण्यात महापालिकेने अर्बन९५ म्हणून उपक्रम घेतलाय, ९५ सेंमी म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाची उंची, तेवढ्या उंचीवरून शहर बघायचं अशी कल्पना. इथे पोरांनी ते कुठलंही प्रेझेंटेशन न बघता करून दाखवलं.

पण या सगळ्यात मुली कुठे होत्या? भिंतीला टेकून उभ्या. फक्की हातात घ्यायलाच तयार नाहीत. खोदून विचारलं तेव्हा एक म्हणाली, "आखून काय करू, मोठी मुलं क्रिकेट लावतात, मग आम्ही कट्ट्यावरच बसतो."

हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. व्हिएन्नात १९९६-९७ च्या सुमारास पाहणी झाली होती, त्यात दिसलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात आणि मुलगे येतच राहतात. मोठं मोकळं मैदान असलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य. मग १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, मोठ्या मोकळ्या जागेचे झाडझुडपं लावून छोटे छोटे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या. आणि मुली परत यायला लागल्या.

आमच्या मुलींनीही शेवटी जे आखलं ते जवळपास तेच निघालं, व्हिएन्ना हे नाव त्यांनी ऐकलेलंसुद्धा नसेल. एक मोठं ग्राउंड नको, तीन छोटे तुकडे करा. बॅडमिंटनची नेट गेटजवळ, कारण मागच्या भिंतीपाशी अंधार असतो. आणि बसायला गोल कट्टा, लांबलचक बाक नको, बाकावर बसलं की शेवटच्या मैत्रिणीला काही ऐकूच जात नाही म्हणे :)

झालं किती? तर निम्मंशिम्मं. ठेकेदाराच्या नकाशात ओपन जिम आणि चालायचा ट्रॅक आधीपासूनच होता, तो काही हलला नाही, ज्येष्ठ नागरिक संघ पण अडून बसला होता (त्यांचंही चूक नाही, त्यांना तरी दुसरी जागा कुठेय). मधला तुकडा मातीचा राहिला, बॅडमिंटन गेटजवळ आलं, गोल कट्टा झाला. नळावर "बघू". दिव्याचं तर कोणी नावच काढलं नाही. पुणे मनपाच्या बजेटमध्ये नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात, २००६ पासून ही सोय आहे आणि तो फॉर्म बहुतेकांना माहीतच नसतो. यंदा तो मुली स्वतः लिहिणार आहेत, सही तेवढी आम्हा मोठ्यांची. पहिली मागणी मागच्या भिंतीजवळ दिवा, दुसरी तो नळ.