खसबचे डॉल्फिन बघायला जाताय? एजंटला पैसे देऊ नका

शनिवारी दुबईहून ओमानमधल्या खसबला जाऊन आलो, अजून राग उतरला नाहीये म्हणून आधी पैशाचंच सांगतो. दुबईतल्या एजंटने "व्हेल, डॉल्फिन दोन्ही नक्की" म्हणत अर्ध्या दिवसाच्या बोटीचे माणशी 350 दिरहम घेतले, गाडी आमचीच, आणि खसबच्या बंदरावर तीच बोट 15 ओमानी रियालला, म्हणजे साधारण 145 दिरहमला मिळत होती. आम्ही चौघं. आठशेच्या वर दिरहम फुकट गेले. थेट बंदरावर जा, भाव करा.

व्हेल तर विसराच. एजंटने जो फोटो दाखवला तो हम्पबॅक व्हेलचा, तो ओमानचा आहे हे खरं पण तिकडे खाली अरबी समुद्रात, मसिरा-धोफारकडे. बाकीचे हम्पबॅक थंड पाण्याकडे जाऊन येतात, हे वर्षभर तिथेच राहतात, आणि शंभरही उरले नसतील असा अंदाज आहे. आखातात ब्राइड्स नावाचा दुसऱ्या जातीचा व्हेल कधीमधी दिसतो, पण बोट जिथे नेतात त्या खोर शमच्या खाडीत तो मिळेल असं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे.

डॉल्फिन मात्र दिसले, आणि काय दिसले! पाठीवर उंचवटा, त्यावर छोटासा पर, म्हणजे हम्पबॅक डॉल्फिन, आपल्या सिंधुदुर्गात दिसतात तीच जात. एक आई आणि पिल्लू बोटीपासून दोन हातांवर वर आले, पिल्लाचा श्वास फुस्स करून ऐकू आला. आणि तेवढ्यात अजून तीन बोटी शिट्ट्या मारत, इंजिन जोरात पळवत त्यांच्यावर आल्या आणि दोघं खाली गेले ते गेलेच. ही जात धोक्यात आलेली आहे हो, पिल्लू सोबत असताना असा पाठलाग नका करू देऊ. बोटवाल्याला आधीच सांगा, इंजिन हळू आणि लांबून, आमच्या बोटवाल्याने ऐकलं.

त्याच खाडीतल्या टेलिग्राफ आयलंड या बेटाजवळ स्नॉर्कलिंग चांगलं. 1860च्या दशकात इंग्रजांनी भारताकडे जाणाऱ्या तारेसाठी तिथे ठाणं केलं होतं, आता नुसते अवशेष.

सकाळचीच बोट घ्या, ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळ्यात अजिबात नको. गाडीचा इन्शुरन्स ओमानला चालतो का आणि व्हिसाचे नियम निघण्याआधी बघा. आणि त्याच दिवशी परतू नका, संध्याकाळी बॉर्डरवर आम्ही अडीच तास उभे होतो, पोरं गाडीतच उपाशी झोपली.