खमीर शोधण्याची रात्र

आमच्या, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंच्या, वल्हांडण सणाची पौर्णिमा बहुधा चैत्रातलीच असते. त्यामुळे अलिबागच्या इस्राएल आळीत सणाची आवराआवर आणि शाळेत वार्षिक परीक्षा, दोन्ही एकदमच अंगावर येत. भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई, फडताळे रिकामी, गव्हाच्या पिठाचे डबे घराबाहेर. तांदूळ आम्हाला चालतो, पण त्यात गव्हाचा एखादा दाणा निघू नये म्हणून आजी दाराच्या उजेडात सूप घेऊन बसे आणि तेच तांदूळ तीन-तीनदा निवडत असे. मी शेजारी बसून इतिहासाची उजळणी करायचो.

त्या आठवड्यात माझ्या डब्यात पोळी नसे. मराठीच्या बाईंच्या ते लक्षात आले आणि त्यांनी मला वर्गापुढे उभे केले. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटताना आमच्या पूर्वजांना कणीक फुगेपर्यंत थांबायला सवड मिळाली नाही, म्हणून आम्ही बेखमीर भाकर खातो, असे मी सांगितले. बाई म्हणाल्या, "अरे, मग पोळी खाल्ली नाही की झाले. घर एवढे कशाला घासायचे?" तास संपला आणि उत्तर राहून गेले. बाई आता नाहीत. शाळेच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते इथे लिहितो.

आमचा धर्मग्रंथ, तोरा, नुसते 'खमीर, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे काही, खाऊ नका' म्हणून थांबत नाही, ते तुमच्या घरात दिसताही कामा नये, असे सांगते. म्हणून आदल्या रात्री घरातले थोरले माणूस मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन निघते. घर आधीच लख्ख असते. शोध रिकामा जाऊ नये म्हणून पावाचे दहा तुकडे मुद्दाम इथे-तिथे ठेवलेले असतात. आमच्याकडे ते ठेवायचे काम आम्हा मुलांचे. वडील वाकून देव्हाऱ्याएवढ्या भक्तीने पलंगाखाली बघत, फटीतला चुरा पिसाने चमच्यात ओढत. कोणी बोलायचे नाही. शोध संपला की म्हणायचे: जे खमीर मला दिसले नाही, ते धुळीसारखे मानावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलेले जाळताना पुन्हा तेच, पण थोडे वाढवून: दिसलेले असो वा न दिसलेले.

मला या तयारीचा सगळा अर्थ त्या वाढीव शब्दांत वाटतो. आधी जीव तोडून शोधायचे, हाताला लागेल ते जाळायचे, आणि मग जे आपल्या नजरेतून सुटले त्यावरचाही हक्क सोडायचा. मनात फुगत बसलेला अहंकार, जुना राग यांचेही तसेच आहे. सगळे आपल्याला दिसत नाही. पण न शोधताच 'सोडले' म्हटले तर ते सोडणे खरे नव्हे. मिसरमधून निघालेल्यांना पाठीवरचे ओझे टाकायला एक रात्र मिळाली. आम्हाला दरवर्षी काही आठवडे मिळतात.

आमच्या कोकणातल्या पूर्वजांकडे कित्येक पिढ्या हिब्रू पोथ्या नव्हत्या. ते या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, असे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आमच्या समाजाच्या इतिहासात नोंदवले आहे. अनास म्हणजे आंबट कालवणाचे मडके. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. मिसरची कथा विस्मरणात गेली, तरी आंबवलेले दूर ठेवायचे हे घराघरांतल्या बायांनी सोडले नाही. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, तिच्या चित्रांत लुगडी नेसून मात्सा, म्हणजे बेखमीर भाकर, करणाऱ्या बाया आहेत. पीठ भिजवल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाकर भाजून व्हावी लागते, तेव्हा त्यांच्या हातांना काय घाई असेल!

मी आता इस्राएलमध्ये राहतो. इथे सण सात दिवसांचा, तिकडे आठ. येत्या वल्हांडणाला मात्र अलिबागला येतोय. हग्गादेच्या सुरुवातीलाच 'जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे' असे आवतण आहे. आमच्या वर्गातल्या ज्यांना जमेल त्यांनी त्या रात्री जरूर यावे. वाचन मराठीतूनही होईल, आणि भात भरपूर असेल.