पडदा मंद झाला, पण बदलायचं किती?

फेब्रुवारीतली गोष्ट, २०२३ सालची. इकडे ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते, बेळगावात साडेदहा. आई अंथरूण घालता घालता व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मध्येच थांबून म्हणाली, "तोंड असं काळं का दिसूलंय गं तुझं? बरं नाही काय?"

मला काही झालं नव्हतं. माझ्या खोलीतला दिवा पाठीमागच्या भिंतीवर आहे. कॉलच्या वेळी चेहऱ्यावर उजेड पडतो तो लॅपटॉपच्या पडद्याचा, आणि तोच कमी झाला होता. रोज कणाकणाने कमी होत गेल्यामुळे पडद्यासमोर बसणाऱ्या मला ते कळलं नाही. सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरून आईला कळलं.

ऑस्ट्रियातल्या हिवाळ्यात असा पडदा खपून जातो. डिसेंबरात इथे चार वाजून गेले की सूर्य मावळतो, खोलीत अंधार, त्यामुळे पडद्यावरचं सगळं वाचता येतं. मार्च सरत आला, खिडकीतून ऊन टेबलावर यायला लागलं, आणि मग मात्र मला हाताचा आडोसा करून मेल वाचावे लागले.

मागच्या महिन्यात खानापूरच्या मावशीच्या मुलाने विचारलं, "ताई, लॅपटॉपचा डिस्प्ले मंद झालाय, दुरुस्त करू की नवाच घेऊ?" त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे सलग लिहिते. गावाकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो, आणि दुकानात शिरण्याआधी प्रत्येकाला याचं उत्तर स्वतःशी तपासता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी बिनपैशाचं काम. बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू असली की पडदा आपोआप मंद होतो. काही लॅपटॉपांत खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर असतो, त्याच्यावर धूळ बसली किंवा स्टिकर चिकटला की त्याला वाटतं अंधार आहे. हे सगळं बंद करून, उजेड शंभर टक्के करून मी पाहिलं. मग लॅपटॉप सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, गेले. तिथे विंडोज अजून उठलेलंच नसतं, त्यामुळे विंडोजच्या सेटिंग आणि ड्रायव्हरचा तिथे संबंध येत नाही. तिथेही पडदा तितकाच मंद. शेवटी एचडीएमआय केबलने ऑफिसचा मॉनिटर जोडला, त्यावर चित्र लख्ख. म्हणजे चित्र तयार करणारा भाग शाबूत होता आणि खोट बहुधा झाकणातच कुठेतरी होती.

इतकं पाहून एका दुकानात गेले. त्यांनी लॅपटॉप ठेवून घेतला आणि आठवड्याने कागद दिला : वरचं झाकण पडद्यासकट नवं, मजुरी धरून ३८० युरो. काउंटरवरची बाई म्हणाली, चार वर्षांच्या मशीनवर इतका खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या.

ऑस्ट्रियातली एक गोष्ट मला फार आवडते, ती इथे सांगितलीच पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने दुरुस्तीसाठी अनुदान सुरू केलं. इकडे त्याला 'रेपाराटुअरबोनस' म्हणत. बिघडलेलं विजेचं उपकरण दुरुस्त करून घेतलं तर निम्मा खर्च, जास्तीत जास्त २०० युरो, सरकार भरायचं. पैसा करोनानंतरच्या युरोपियन निधीतून आला होता. नवी वस्तू घेतली तर एक सेंटही मिळत नसे. उपकरण फेकू नये म्हणून सरकार खिशात हात घालतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या हिशेबाने मला १९० युरो भरावे लागले असते, म्हणजे युरोचे नव्वद रुपये धरले तर सतरा हजारांच्या वर.

रात्री बाबांना आकडा सांगितला. बाबा तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर आहेत, पंपांचे बुश, पिना, शाफ्ट असे सुटे भाग करतात. त्यांनी किमतीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "खराब काय झालंय ते सांगितलं काय त्यांनी? बुश गेलाय की शाफ्ट?"

मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर मशीन त्यांच्याकडे होतं आणि कागदावर 'डिस्प्ले युनिट' एवढंच लिहिलं होतं. आपल्याकडेही काही वेगळं नाही, 'डिस्प्ले गेला' या दोन शब्दांत सगळं येतं. पण झाकणात एकापेक्षा जास्त गोष्टी असतात. पॅनेल असतं, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा. पॅनेलच्या आत खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची बारीक ओळ असते. तिचा उजेड एका पारदर्शक पत्र्यातून आणि दोन-तीन पातळ शीटमधून सगळीकडे पसरतो, त्यालाच बॅकलाइट म्हणतात. बिजागरीतून मदरबोर्डकडे जाणारी केबल असते. आणि भोवती प्लास्टिकचं किंवा धातूचं कवच, कॅमेरा, बिजागऱ्या. माझ्या कवचाला ओरखडाही नव्हता. तरी मला सगळंच बदलायला सांगत होते. बुश गेला म्हणून अख्खा पंप.

दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं हा प्रश्न असा मांडला की आपण फसतो, हे मला त्या रात्री पटलं. दुरुस्तीतही काहीतरी बदलावं लागतंच. किती मोठा तुकडा बदलायचा, हे आधी ठरवायचं असतं. आणि तुकडा ठरतो तो खोट सापडल्यावर.

ग्राझमध्ये महिन्यातून एखाद्या शनिवारी रिपेअर कॅफे भरतो. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी सुरू केली आणि आता जगभर पसरली आहे. लांब टेबलं, हत्यारं, कॉफी, केक, आणि निवृत्त इलेक्ट्रिशियन, शिंपी, घड्याळजी. आपण वस्तू घेऊन जायचं आणि शेजारी बसून बघायचं. दुरुस्ती फुकट, वाटलं तर डब्यात पैसे टाकायचे.

माझ्या वाट्याला सत्तरीतले एक आजोबा आले. त्यांनी पहिल्यांदा झाकण हळूहळू पुढे-मागे केलं, अगदी पाळण्यासारखं, आणि प्रत्येक कोनात थांबून पडदा पाहिला. उजेड कमी-जास्त झाला असता तर संशय केबलवर गेला असता, कारण बिजागरीत रोज वाकून वाकून ती तुटते. काही फरक पडला नाही. मग उजेड अगदी तळाला नेऊन पडद्यावर तिरका टॉर्च मारला. टॉर्चखाली अक्षरं स्पष्ट दिसली, म्हणजे चित्र ठीक आणि फक्त मागचा दिवा थकलेला. मग पडद्याभोवतीची चौकट नखाएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीने उचकटली आणि पॅनेलच्या पाठीवरचं लेबल मला फोटो काढायला लावलं. त्यावर पॅनेलचा पूर्ण क्रमांक असतो. "लॅपटॉपचं नाव विसरा, हा नंबर जपा," असं ते म्हणाले. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळी पॅनेलं बसवते.

नुसती एलईडीची ओळ बदलता येईल का, हेही मी विचारलं. येते, पण त्यासाठी पॅनेलचे थर सुटे करावे लागतात; एक केस किंवा धुळीचा कण आत राहिला तर तो कायमचा डाग दिसतो. त्यामुळे माझ्यापुरता तुकडा ठरला : पॅनेल. एलईडी फार लहान, झाकण फार मोठं.

ग्राझमध्येही दुसऱ्या एखाद्या दुकानाने नुसतं पॅनेल बसवून दिलं असतं, अनुदानही मिळालं असतं. पण सप्टेंबरात गणपतीला घरी जायचंच होतं. तोवर मॉनिटर जोडून काम केलं.

बेळगावात पोचले तेव्हा चतुर्थीला चार दिवस होते. खडे बाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. खानापूर रोडच्या आतल्या गल्लीत बाबांच्या ओळखीचे एक दादा आहेत, दुकान म्हणजे दहा फुटांची खोली. ते आमच्याशी मराठीत बोलत होते, फोनवर बंगळूरच्या माणसाशी कन्नडमध्ये आणि दारातल्या गिऱ्हाइकाशी हिंदीत, मध्ये श्वासही न घेता. तीन वर्षांत ते ऐकलं नव्हतं. मी नुसती ऐकत उभी राहिले.

लेबलचा फोटो दाखवल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले. कनेक्टर तीस पिनांचा की चाळीस? टच आहे का? बाजूला स्क्रूच्या पट्ट्या आहेत की चिकटपट्टी? पडदा चकचकीत की मॅट? मग त्यांनी दोन भाव सांगितले. स्वस्तातलं टीएन जातीचं पॅनेल ३,४०० रुपयांना आणि आयपीएस ४,८०० ला, मजुरी ५०० वेगळी. टीएन समोरून बरं दिसतं, पण खालून किंवा बाजूने पाहिलं की रंग उलटे होतात; आयपीएसमध्ये तसं होत नाही. माझं मूळचं आयपीएस होतं. घासाघीस न करता मी ४,८०० वालं सांगितलं, कारण रोज आठ तास मला त्याच्यासमोर बसायचं होतं. शिवाय हे पॅनेल ३०० निटचं होतं, जुनं नवं असतानाही २२० चं. निट म्हणजे उजेड मोजायचं माप, एका चौरस मीटरमागे एक कँडेला. बंद खोलीत २२० पुरतं. आमच्या शहापूरच्या घराच्या पडवीत दुपारी बसून पाहा, नाही पुरत.

पॅनेल तीन दिवसांत आलं. बसवताना मी शेजारी बसले, आणि तुम्हीही बसा असं आग्रहाने सांगते. दादांनी पाठचं झाकण खोलून सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली, मगच पडद्याच्या केबलला हात लावला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बॅकलाइटची वीजही याच केबलमधून जाते. बॅटरी जोडलेली असताना केबल ओढली तर मदरबोर्डवरचा कणाएवढा फ्यूज उडू शकतो. मग नवं पॅनेलही काळंच राहतं आणि दोष पॅनेलला लागतो. चौकट चिकटवण्याआधी त्यांनी पडदा चालू करून पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवले. निळ्यावर मला एक टिंब दिसलं. ती धूळ निघाली, पुसली गेली. एकूण ५,३०० रुपये झाले. ते मशीन आज या ओळी लिहायला वापरते आहे.

त्याच फेरीत बाबांच्या वर्कशॉपमधला लॅपटॉपही पाहिला. २००८ साली घेतलेला, बिलं करायला. चालू केला की पडदा लालसर, पाच-दहा मिनिटांनी कुठे पांढरट. त्या काळच्या बहुतेक पडद्यांत एलईडी नसे, बारीक ट्यूबलाइट असे आणि तिला शेकडो व्होल्ट पुरवणारा इन्व्हर्टर. लाली येणं म्हणजे ट्यूब म्हातारी होणं. तिथे मी नवं पॅनेल नको म्हणाले. बिजागरी तडकली होती, बॅटरी पाच मिनिटं टिकत नव्हती, आणि त्या जातीचं पॅनेल मिळालं तरी जुनंच मिळणार. पण मशीन बिलं करत होतं ना? शेजारच्या वर्कशॉपमध्ये एक जुना मॉनिटर पडून होता, तो व्हीजीए केबलने जोडला. दुरुस्तीही नाही, नवी खरेदीही नाही. हा तिसरा रस्ता लोकांना सुचत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण घरातच टेबलावर बसणाऱ्या मशीनसाठी तो बहुतेकदा पुरतो. घरचा टीव्हीसुद्धा चालतो. फक्त तो लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नका असं बाबांना बजावलं आहे. त्या ट्यूबमध्ये पारा असतो, फुटली की तो बाहेर येतो. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, असं सामान नोंदणी असलेल्या केंद्रातच जायला हवं.

आता मावशीच्या मुलाचं. त्याला मी पैशांच्या आधी मशीनचं वय विचारलं, प्रोसेसर विचारला. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. तसल्या मशीनवर पाच हजारांचं पॅनेल घालायचं तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची तयारी हवी. त्याचं दहाव्या पिढीचं निघालं, रॅमही वाढवता येण्यासारखी. म्हणजे खर्च करायला हरकत नव्हती.

मग म्हटलं, झाकण हळूहळू हलव आणि व्हिडिओ पाठव. व्हिडिओत साधारण नव्वद अंशांवर पडदा एकदम उजळला आणि मागे झुकवला तसा पुन्हा मंदावला. दोनदा पाहिला, मग बाबांना पाठवला. बाबांनी लगेच उलटा फोन केला, "बिजागरीत वायर कटूलीय बघ."

खानापुरातल्या दुकानाने त्याला पॅनेलचे साडेपाच हजार सांगितले होते. केबल सातशेला मिळतेय. मागवली आहे. मंगळवारी तो रेल्वेने बेळगावला जाऊन त्याच दादांकडे बसवून घेईल. नव्या केबलनेही पडदा मंदच राहिला तर पॅनेलचा विचार, म्हणून चौकट उघडलेली असतानाच पाठीवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवायला सांगितलं आहे.