बुटीबोरीच्या मशीनवर हेल्प()

आमची छोटी टीम नागपुरात बसून बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली लायब्ररी (तयार कोडचा संच) सांभाळते. वजनकाटा, कन्व्हेअर, लेबल प्रिंटर यांच्याशी बोलणारी फंक्शन्स, एवढंच. तिथल्या लिनक्स पीसींना इंटरनेट नाही आणि मोबाइल गेटवरच जमा होतात. मॅन्युअलची पीडीएफ होती, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. त्यामुळे रात्रपाळीत काटा अडकला की सिक्युरिटी केबिनच्या फोनवरून कॉल ठरलेला.

शेवटी ठरवलं, मदत लायब्ररीच्या पोटातच घालायची. पायथन स्वतः हेच करतं. 2001 मध्ये आलेल्या 2.1 आवृत्तीपासून पायडॉक हे मॉड्यूल (कोडची फाइल) पायथनसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे आणि मदत दाखवणारं हेल्प() हे फंक्शन त्याच्याच जिवावर चालतं. फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली डॉकस्ट्रिंग, म्हणजे ते काय करतं हे सांगणारा मजकूर, ते उचलून दाखवतं. 'फॉर', 'विथ' अशा कीवर्डना (भाषेच्या राखीव शब्दांना) डॉकस्ट्रिंग नसते, म्हणून त्यांचा मजकूर अधिकृत दस्तऐवजांतून आधीच काढून वेगळ्या फाइलीत सोबत दिलेला असतो. सगळ्यांकडे एवढी सोय नसते. डेबियन या लिनक्सवर पर्लडॉक ही पर्ल भाषेची मदत दाखवणारी आज्ञा टाइप करा, आधी वेगळं पॅकेज टाका असं उत्तर येतं. नेट नसलेल्या मशीनपुढे बसलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग?

लिहिण्याचं काम कंटाळवाणं, पण सरळ होतं. पहिल्या ओळीत एका वाक्यात काम, मग एक ओळ रिकामी, मग तपशील. वजन वाचणाऱ्या फंक्शनखाली असं लिहिलं: 'काट्यावरचं वजन ग्रॅममध्ये देतं. पट्टा चालू असताना वापरू नका, आकडा स्थिर होत नाही.' दुसरं वाक्य मेंटेनन्सच्या लोकांनी सांगितलेलं. ते पीडीएफमध्ये कधीच नव्हतं.

खरी गंमत पुढे. पायडॉक मदत दाखवण्याआधी मॉड्यूल इम्पोर्ट करतं (आत ओढून घेतं), म्हणजे त्यातला वरच्या पातळीवरचा कोड चालतो. काट्याचं मॉड्यूल पूर्वीच्या कंत्राटदाराचं होतं. त्यात फाइलीच्या वरच सिरीयल पोर्ट उघडून काटा शून्यावर आणायची आज्ञा होती. आम्ही नुसती मदत वाचायला गेलो आणि शेजारच्या पॅनेलमधला रिले खटकन वाजला. काट्यावर पोतं होतं, त्याचं वजन शून्य दिसू लागलं. आधी तो सगळा कोड वेगळ्या 'जोडा' फंक्शनमध्ये हलवला, मगच पुढे सरकलो.

पेन ड्राइव्हवरून व्हील फाइल (पायथन पॅकेजची तयार फाइल) टाकली, पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने ती नेटशिवाय बसवली. डॉकस्ट्रिंग कोडसोबतच जातात, त्यामुळे वेगळं काही कॉपी करायचं नव्हतं. तरी एका पीसीवर मदत कोरी! तिथला ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, नाव दाखवून राह्यलं, पण काम काय करते थे सांगतच नाही."

लांबी मोजणाऱ्या लेन या पायथनच्या अंगभूत फंक्शनची मदत, हेल्प(लेन), मात्र नीट दिसत होती, फॉर कीवर्डची मदतही. पण स्टँडर्ड लायब्ररीतल्या जेसन मॉड्यूलचीही फंक्शन्स कोरी. म्हणजे दोष आमच्या पॅकेजचा नव्हता. लेनचा मजकूर सी भाषेतल्या कोडमध्ये बांधलेला असतो, कीवर्डचा साध्या डेटात. गायब झाल्या होत्या फक्त पायथनमध्ये लिहिलेल्या डॉकस्ट्रिंग. त्या मशीनच्या प्रोफाइल फाइलीत पायथनऑप्टिमाइझ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत कोणीतरी 2 करून ठेवली होती. ती पायथन सुरू करताना दिलेल्या -OO या पर्यायासारखीच वागते: असर्ट (कोडमधल्या तपासण्या) आणि डॉकस्ट्रिंग दोन्ही काढून टाकते. वेग वाढावा म्हणून केलं असावं. डॉकस्ट्रिंग काढून वेग वाढत नाही, थोडी मेमरी वाचते इतकंच. ओळ खोडली, नवं सेशन उघडलं, मजकूर आला.

आता बिल्डमध्ये, म्हणजे पॅकेज तयार होताना, एक चाचणी आहे. मॉड्यूलच्या जाहीर यादीतल्या एखाद्या फंक्शनला डॉकस्ट्रिंग नसेल तर बिल्डच थांबतं. डॉकस्ट्रिंगमधली उदाहरणं डॉकटेस्टने (ती चालवून पाहणाऱ्या मॉड्यूलने) तपासतो, म्हणजे मदत एक सांगते आणि कोड दुसरंच करतो असं होत नाही. जिथे ब्राउझर आहे तिथे लोक पायडॉकचा स्थानिक सर्व्हर चालवून मराठी मजकूर वाचतात. पॅकिंग लाइनच्या पीसीवर मात्र नुसता टेक्स्ट कन्सोल आहे आणि त्याला देवनागरी दाखवता येत नाही. तिथल्यासाठी प्रत्येक डॉकस्ट्रिंगची पहिली ओळ रोमन लिपीत ठेवली आहे.